वाजणारी टोपी

नाही हो, ही नको. हिचा आवाजच येत नाही. बघा – दाबली, लेन्सवर बसली, काही ऐकू आलं? नाही ना. मला ती जुन्या पद्धतीची टोपी द्या, दोन्ही बाजूंना कडक चाप असलेली, बसवली की टक् करणारी. ही भारीतली आहे, मान्य, तुम्ही दुकानदार, तुम्हाला जास्त कळतं – पण मला वाजणारी हवी. का म्हणजे काय, सवय. तीस वर्षांची सवय आहे.

तीस वर्षं माझं काम एकच, दादाच्या कॅमेऱ्याची टोपी सांभाळायची. हसा, सगळेच हसतात. थोरला भाऊ फोटो काढतो आणि मी टोपी काढतो. लोकांना टोप्या घालणारे तुम्ही पुष्कळ बघितले असतील, टोपी काढून पोट भरणारा मी एकटाच – वहिनी तर मला टोपीभावजीच म्हणते. म्हणजे बॅगा उचलतो, दिवे धरतो, माणसं ओळीत उभी करतो, पण ते काय, कुणीही करेल. टोपी कुणाला सांभाळता येत नाही. विचारा कुठल्याही फोटोवाल्याला, टोपी कुठाय – हा खिसा चाचपेल, तो खिसा चाचपेल, मग गवतात ओणवा होऊन शोधत बसेल. दादा एकटा काम करायचा त्या पहिल्या वर्षी अकरा घालवल्या त्याने. एकदा कारखान्याच्या समारंभात क्षणभर खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर प्रमुख पाहुणेच बसले – चांगले दोन तास, भाषणं संपेपर्यंत – आणि हा समोर उभा, उठा म्हणणार कसं? दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, चल माझ्याबरोबर, आजपासून तुझा डावा खिसा माझा. त्या खिशात मी रुमालसुद्धा ठेवत नाही, धूळ लागते. मध्ये दोरीने कॅमेऱ्याला बांधूनही बघितली, तर वारा आला की ही लोंबकळत फोटोत यायची – दादाने कात्रीने कापून टाकली दोरी. म्हणाला, तू असताना दोरी कशाला.

किती हरवल्या माझ्या हातून? तीस वर्षांत चार. आणि या चार महिन्यांत ही सहावी घ्यायला आलोय, तुमच्या लक्षात आलंच असेल. पण हरवल्या नाहीत हो, तसं समजू नका. झिजल्या. चाप ढिले होतात, वाजेनाशा होतात. दिवसातून पन्नास-साठ वेळा घालायची नि काढायची म्हटल्यावर – कशाला? आता कसं सांगू तुम्हाला. बोलणार नाही ना कुठे?

एका शाळेत वर्गावर्गांचे फोटो होते. पोरं बाकांवर चढून उभी, बाई मधे, दादा कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेला, आणि म्हणतो, “टोपी काढ की रे.” पोरं फिदीफिदी हसायला लागली. टोपी माझ्या खिशात. मी चाचपूनसुद्धा बघितली. म्हटलं काढलीय, तर म्हणाला, मग मधोमध काळं का येतंय? मी डोळा लावून बघितलं – स्वच्छ. आता तुम्हीच सांगा, टोपी राहिली तर सगळंच काळं होईल ना? मधोमध तेवढं काळं करणारी टोपी कुठे मिळते? पण चाळीस पोरं बघतायत, बाई बघतायत, मी काय केलं – पुढे गेलो, टोपी बसवली, टक्, परत काढली, टक्, आणि म्हणालो, चुकलं दादा, राहिली होती. त्याने परत डोळा लावला. मग म्हणाला, हां, आता दिसतंय.

तेव्हापासून हेच चाललंय. डॉक्टरांकडे नेलं, चष्म्याचा नंबर बघायचा म्हणून. त्यांनी दादाला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं – दोन्ही डोळ्यांचे पडदे मधूनच गेलेत, परत यायचे नाहीत, वाढत जाईल. तुम्ही सांगता की मी सांगू? मी म्हणालो, मी सांगतो. आणि बाहेर येऊन काय सांगितलं, तर नंबर वाढलाय. त्याला दुसरं येतं काय? आणि खरं सांगायचं तर मला तरी काय येतं? अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा मी, टोपी सांभाळता येते असं सांगून कुणाकडे नोकरी मागू?

हल्ली मी त्याच्या कानाशी उभा असतो. डावीकडे, अजून जरा, खाली, हं दाब – असं. घरी फोटो मीच निवडतो, तिरके आलेले टाकून देतो, त्याला सांगतो झकास आलेत. तोही बघत नाही, तूच बघ म्हणतो. मधेच थांबला की मी टोपी वाजवतो, मग तो पुढचे दहा-बारा काढतो. टोपी वाजवून डोळे येत नाहीत, कळतं हो मला, मी काही खुळा नाही. फार दिवस चालायचं नाही हे. येत्या शनिवारचं काम झालं की सांगणार आहे त्याला. गेल्या शनिवारीही असंच म्हणालो होतो.

हां, ही बघा, ही वाजली. दोन द्या हिच्यातल्या. – नको? नको म्हणजे? तुमच्याकडे आहेत ना दोन? – कोण आलं होतं? दादा? इथे? अहो, तो रस्ता एकटा ओलांडत नाही – वहिनीबरोबर. मंगळवारी. मला म्हणाले, दातांच्या डॉक्टरकडे चाललोय. – कॅमेरा. दाखवायला की विकायला? – लेन्ससकट. बरं. आणि शनिवारपर्यंत थांबा म्हणाला. – डोळ्यांचं? तुम्हाला त्यानेच सांगितलं, स्वतःच्या तोंडाने? म्हणजे त्याला कधीपासून – शाळेतल्या फोटोंच्याही आधीपासून. मग दिसतंय कशाला म्हणायचा? मी टोपी वाजवली की आता दिसतंय, आता दिसतंय – कुणासाठी म्हणायचा?

काय म्हणालात? परत सांगा. – या काउंटरवर. कामाला. मला. आणि काय सांगितलं माझ्याबद्दल? – “त्याच्या हातून वस्तू हरवत नाही.” एवढंच म्हणाला?

नाही, बसत नाही मी. पाणी नको. नोकरीचं मग बघू, आत्ता मला काही विचारू नका. आणि मी इथे आलो होतो हे दादाला कळू देऊ नका, मला काही माहीत नाही, तुम्ही मला काही बोलला नाहीत. ती दुसरी आत ठेवा. एकच द्या, शनिवारपुरती.