ज्या हातांनी बरगड्या मोडल्या

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. नगरपालिकेतून वेळात वेळ काढून आलेले आरोग्य अधिकारी साहेब. व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे. व्यापारी मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी. आजच्या उत्सवमूर्ती, आपल्या आरोग्य केंद्राच्या सिस्टर. आणि खुर्च्या संपल्यामुळे पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

चिटणीसांनी मला आधीच बजावलंय, "काकू, थोडक्यात आटपा, चहा गार होतो." मी हो म्हटलं. पण जी बाई थोडक्यात वाचली, तिने आणखी किती थोडक्यात बोलायचं?

मी भाषणं करणारी नव्हे. फोटोंना चौकटी करून देते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. निम्म्या सभागृहाच्या घरातल्या भिंतींवर माझं काम लटकतंय. आज जी हकीगत सांगायला उभी आहे, तिची गंमत अशी, की तिच्यात मुख्य पात्र मी आणि मीच गैरहजर. घडलं सगळं माझ्यावर, कळलं मात्र इतरांकडून. तपशिलात काही चुकलं तर साक्षीदार समोर भरपूर बसले आहेत, त्यांनी खुशाल हात वर करावा.

सिस्टर बदली होऊन इथे आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या आमच्या रस्त्यावर दुकानोदुकानी फिरल्या. आम्हाला वाटलं, डासांबद्दल सांगायला आल्या असतील. त्यांनी विचारलं भलतंच.

"तुमच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक धाडकन पडलं, श्वास बंद, तर काय कराल?"

मी म्हटलं, "डॉक्टरांना फोन करू."

"आणि ते येईपर्यंत?"

"वाट बघू."

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या. "सगळे तेच करतात. आणि तेवढ्यात माणूस जातो."

एवढं बोलून त्या शेजारच्या गादीवाल्यांकडे गेल्या. आता मला सांगा, असा प्रश्न विचारून निघून गेलेल्या माणसाला पुन्हा बोलावल्याशिवाय झोप लागते का?

हे काम उभं कसं राहिलं, ते आठवलं की अजून अचंबा वाटतो. आरोग्य केंद्राकडे माणसं नव्हती, आम्हा दुकानदारांकडे वेळ नव्हता, वाचनालयाकडे छपराशिवाय काही नव्हतं. सिस्टरांनी या तीन नन्नांची मोट बांधली. दुकानांच्या सुट्टीच्या दिवशी वाचनालयाने हा हॉल उघडला. छाती दाबून हृदय चालू ठेवायला शिकण्यासाठी पुतळे हवे होते, ते येण्याची चिन्हं दिसेनात, तेव्हा गादीवाले म्हणाले, "कापूस माझा, स्प्रिंग माझी, माणूस कसा असतो तेवढं सांगा." त्यांनी गादीच्या कापडाचे असे पुतळे शिवले, की छाती पुरेशी खोल दाबली तरच आतून 'टक्' असा आवाज यायचा. नगरपालिकेने बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र दिलं. त्याला रात्रंदिवस उघडी असणारी जागा हवी, म्हणून ग्रंथपालबाईंनी बाहेरची भिंत दिली. एरवी त्या भिंतीवर कुणी थुंकलं तरी बाईंचा पारा चढतो, हे सर्वज्ञात आहे. अध्यक्षबाई, रागावू नका.

आणि मग एक दिवस सिस्टरांनी एका पुतळ्याला बाईचे कपडे घातले.

हॉलमधले सगळे पुरुष दोन पावलं मागे. त्यात आमचे जावईही होते. आमचे जावई आमच्याच रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करतात. हातात चिमटा, डोळ्याला भिंग, आणि तोंडातून शब्द निघायचा तो किल्ली दिल्यासारखा मोजून. लग्न झाल्यापासून माझ्यासमोर कधी खुर्चीवर टेकून बसले नाहीत. तर नेमका त्यांचा नंबर. गुडघ्यावर बसले, हात पुढे केले आणि ते हवेतच राहिले.

"काय झालं?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही, म्हणजे... परकी बाई..."

"भाऊ, ही बाई मेलेली आहे," सिस्टर म्हणाल्या. "श्वास नाही, नाडी नाही. लाजायला माणूस जिवंत लागतो. आधी तिला जिवंत करा, मग दोघं मिळून लाजा."

हॉल हसला, मीही हसले. पण सिस्टर हसत नव्हत्या. म्हणाल्या, "बायका रस्त्यात पडल्या की लोक हात लावायला कचरतात, म्हणून त्या जास्त मरतात. लोक बघतील असं वाटलं तर चादर धरा, आडोसा करा. पण दाबणं थांबवू नका."

सगळं सुरळीत चाललं होतं असं मात्र समजू नका. त्याच हिवाळ्यात आपल्या लाँड्रीवाल्यांचे वडील दुकानाच्या पायरीवर कोसळले. शिकलेली माणसं धावली, सगळं शिकवल्याप्रमाणे केलं, यंत्र लावलं. आजोबा परत आले नाहीत. पुढच्या सुट्टीला हा हॉल निम्मा रिकामा. कुणीतरी बोललंसुद्धा, "कशाला हा खटाटोप? जायचा तो जातोच." सिस्टर खाली मान घालून पुतळे गुंडाळायला लागल्या होत्या. तेवढ्यात दारातून लाँड्रीवाले आत आले. सुतकी चेहरा, दाढी वाढलेली. आम्हाला वाटलं, आता हा माणूस बोल लावणार.

ते म्हणाले, "त्या दिवशी मी एकटा असतो, तर आयुष्यभर मनाला खात राहिलो असतो की काही केलं असतं तर? तुम्ही पाच-सहा जण माझ्या बाबांसाठी घाम गाळत होता. करण्यासारखं होतं ते सगळं झालं. मला झोप लागते, ती तुमच्यामुळे." आणि पुतळ्यासमोर बसले. "मला शिकायचंय. त्या दिवशी मला येत नव्हतं."

त्या दिवशी वर्ग बंद पडला असता, तर आज माझ्या फोटोला चौकट कुणी केली असती, एवढाच प्रश्न उरला असता.

आता माझी पाळी.

दुपारची वेळ होती. मी काच कापत होते, लेक मागे खिळे ठोकत होती. मी तिला म्हटलं, "अगं, ती पट्टी दे." ती म्हणते, मी पट्टी म्हणालेच नाही, नुसतं "अगं" म्हटलं. त्यावरून आमचा अजून वाद आहे. पुढचं सगळं ऐकीव.

ती वळली तर मी जमिनीवर. तिने हाका मारल्या, हलवलं, श्वास बघितला. नाही. तिने दारात जाऊन नवऱ्याला अशी हाक मारली, की रस्त्याच्या टोकापर्यंत माणसं उभी राहिली. जावई भिंग डोळ्याला तसंच ठेवून धावत आले. मला ओढून मोकळ्या जागी, फुटपाथवर घेतलं. लेक फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगतेय, आणि जावई माझ्या बाजूला गुडघ्यावर. हात पुढे आणि हवेत.

लेक म्हणते, ते एकच वाक्य बोलले. "आई, माफ करा."

आणि त्यांनी जोर लावला.

ज्या माणसाने जन्मात सेकंदकाट्याहून जड वस्तू ढकलली नाही, त्याने असा जोर लावला की माझी बरगडी कडकन मोडली. तो आवाज त्यांनी ऐकला. हात थबकले. तेव्हा माझी लेक, जिची आई समोर निपचित पडली होती, ती त्यांच्या अंगावर ओरडली, "थांबू नका! सिस्टर काय म्हणाल्या? बरगडी सांधते, माणूस सांधत नाही!" आणि ती मोठ्याने आकडे मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. नवरा दाबतोय, बायको मोजतेय, आणि दोघांच्या मध्ये मी.

सासूच्या बरगड्या मोडणारे जावई जगात आणखीही असतील. पण त्याबद्दल ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, असे आमचेच. वाजवा, वाजवा. ते लाजून बाहेर जातील, जाऊ द्या.

ते दमले तशी गादीवाल्यांनी जागा घेतली. त्यांच्यानंतर लाँड्रीवाले. ज्यांचे वडील त्याच रस्त्यावर उठले नव्हते, ते माझ्यासाठी वाकले. त्या क्षणी त्यांच्या मनात काय चाललं असेल? मी त्यांना विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंच ते.

आणि अध्यक्षबाई! ज्यांनी हयातभर आम्हाला "शांतता राखा" म्हणून दटावलं, त्या भर रस्त्यात "बाजूला व्हा, बाजूला व्हा" असं ओरडत यंत्र पोटाशी धरून धावत आल्या. एक चप्पल वाचनालयाच्या पायरीवर राहिली ती राहिलीच. यंत्राच्या पट्ट्या उघड्या छातीवर लावायच्या असतात. कपडे कापावे लागतात. तेव्हा गादीवाल्यांच्या पत्नी दुकानातल्या कोऱ्या चादरी घेऊन बाहेर आल्या. रस्त्यावरच्या बायकांनी चारी बाजूंनी चादरी धरल्या आणि स्वतः पाठ फिरवून, तोंड बाहेर करून उभ्या राहिल्या. कुणाला सांगावं लागलं नाही. भर रहदारीत, गाड्यांच्या भोंग्यांत, त्यांनी मला एक खोली बांधून दिली.

पहिला झटका. काही नाही. पुन्हा दाबणं, पुन्हा आकडे. दुसरा झटका. आणि लेक सांगते, माझ्या घशातून घोरल्यासारखा एक भला मोठा आवाज आला. आमच्या घरात माझ्या घोरण्याला सगळे नावं ठेवतात. त्या दिवशी ते ऐकून माझी लेक फुटपाथवर बसून ढसाढसा रडली.

आणि सिस्टर त्या वेळी कुठे होत्या? पलीकडच्या गावात, लसीकरणाला. त्यांना संध्याकाळी कळलं. रुग्णालयात आल्या, तर लेकीला पहिला प्रश्न, "मध्ये थांबला नाहीत ना?" ती नाही म्हणाली. मग सिस्टर बाहेरच्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड झाकून राहिल्या. सिस्टर, हे तुम्ही कुणाला सांगू नका म्हणाला होतात. पण आता तुमची बदली झालीय, मी कशाला भिऊ?

चार दिवसांनी जावई दारापर्यंत आले. आत येईनात. "आई, फार दुखतंय का?"

मी म्हटलं, "दुखतंय. म्हणजे मी आहे. आत या, आणि आज तरी खुर्चीवर टेकून बसा." बसले हो! अगदी पाठ टेकून बसले.

घरी आल्यावर मी एकेकाकडे आभार मानायला गेले. खरं सांगू? मी त्यांच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघत होते. इस्त्रीचे चटके बसलेले हात, कापूस पिंजून खरखरीत झालेले हात, पुस्तकांना खळ लावून बोटं पांढरी पडलेले हात. रोज पाहिलेले हात. यांतल्या प्रत्येकाने थोडा थोडा वेळ माझं हृदय चालवलं.

त्या फेरीत एक गोष्ट लक्षात आली. गादीवाले म्हणाले, "मी दमलो तेव्हा माझ्या जागी दुसरे गृहस्थ आले." लाँड्रीवाले म्हणाले, "मी आलो, ते त्या गृहस्थांच्या नंतर." मी विचारलं, "कोण गृहस्थ?" दोघांनाही वाटलं होतं, तो दुसऱ्याच्या ओळखीचा असेल. लेकीला आठवलं, एक माणूस होता. पाठीवर पिशवी, रस्त्याने जात असावा. त्याने पिशवी खाली ठेवली, "मला येतं" एवढंच म्हणाला, आणि दाबू लागला. अगदी बरोबर, अगदी तालात. लाँड्रीवाले आल्यावर उठला. रुग्णवाहिका गेल्यावर लोकांनी बघितलं, तर तो नव्हता. आम्ही पुष्कळ चौकशी केली. आमच्या रस्त्याचा नव्हे, आमच्या वर्गात शिकलेलाही नव्हे.

मग त्याला शिकवलं कुणी?

म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या एखाद्या हॉलमध्ये, आमच्या सिस्टरांसारखं कुणीतरी असणार. तिथेही दुकानदार कुरकुरले असतील, पुतळे शिवले गेले असतील. त्या गावाला माझं नावही माहीत नाही, आणि त्यांनी माझ्यासाठी एक माणूस तयार करून ठेवला होता. सिस्टर, तुमच्या बदलीची बातमी कळल्यापासून हा सगळा रस्ता तोंड पाडून बसलाय. मीही बसले होते. पण त्या माणसाची आठवण झाली, आणि तुम्हाला अडवायची माझी हिंमत होईना. तुम्ही जिथे जाल, तिथून कुणीतरी पिशवी पाठीला लावून निघेल.

चिटणीस घड्याळ दाखवतायत. ते आमच्या जावयांनीच दुरुस्त केलेलं असल्यामुळे खोटं बोलणार नाही. तेव्हा आवरतं घेते. अध्यक्षबाईंचे, पाहुण्यांचे, व्यापारी मंडळाचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, थट्टेत कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या.

आणि एक माफी मला खास मागायची आहे. ते गृहस्थ कदाचित आजही इथून जाता जाता, गर्दी दिसली म्हणून मागे येऊन उभे असतील. भाऊ, असाल तर मी तुम्हाला ओळखणार नाही. तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. त्या दिवशी गडबडीत आमच्यापैकी कुणी तुम्हाला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. तेवढं पोटात घाला.