दादाचं लक्ष कुठे होतं

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं बेबी, तू होय. थांब, फोन खांद्यात धरते. हात ओले आहेत, कप विसळत होते.

… हो, हळूच बोलतेय. स्वयंपाकघरात आहे. बाहेर मंडळी बसलीत… पाहुणे कसले, आपलीच लेक आलीय, जावईबापू आलेत आणि ती फोटोवाली. अल्बम घेऊन आलीय.

… आजच. आत्ताच उघडलाय. तुझा पाय कसा आहे ते सांग आधी… निघालं प्लास्टर? मग आता खाजवत बस सुखानं. बरोबर भाचीच्या लग्नाच्या आठवड्यात जिन्यावरून पडायचं सुचलं तुला, काय म्हणावं.

… मिळाली ना लिंक? पाहिलेस फोटो?… तिसऱ्यांदा? धन्य आहेस. एवढा ढीग आहे, मी अजून दुसऱ्यांदासुद्धा शेवटाला पोचले नाही.

… हो ना. सुरेखच काढलेत.

… अगं, मला धास्तीच होती. माझ्या लग्नातला तो फोटोवाला आठवतो? तू फ्रॉकमध्ये होतीस… हो, तोच, घामाघूम झालेला. माझी हनुवटी धरून मान फिरवली होती त्यानं, भांडं फिरवावं तशी. 'वहिनी, हसा. अजून हसा.' अख्ख्या अल्बममध्ये मी घाबरलेली दिसते, आणि तुझा दादा माझ्याकडे बघून घाबरलेला… आणि हिनं एकदासुद्धा कोणाला 'हसा' म्हटलं नाही. शपथेवर सांगते. ती कुठे आहे तेच कळत नव्हतं. कापडी बूट घालून मांजरासारखी फिरत होती.

… नाही, आधी घरी येऊन गेली होती ना. मला वाटलं, कॅमेरे दाखवायला आली असेल. तर कॅमेरा पिशवीतच. चहा प्याली, गप्पा मारल्या. कोण कोणाचं लाडकं, कोणाचं कोणाशी वाकडं, सगळं माझ्याकडून काढून घेतलं, आणि मीही बसले सांगत… मग हॉल बघायला गेली. लग्नाची जी वेळ होती ना, त्याच वेळेला. ऊन कुठल्या खिडकीतून आत येतं ते बघायला. हॉलचा मॅनेजर म्हणाला, बाई, रिकामा हॉल काय बघताय? तर म्हणते, भरल्यावर मला माणसं बघायचीत.

… कुठला? सही करतानाचा? मलापण तोच. पेन चालत नाही आणि जावईबापू खिसे चाचपतायत… आणि माझा पाहिलास का? खुर्चीखाली चप्पल शोधतेय तो?… हो गं, कंबर दिसतेय, माहितेय मला. राहू दे. जन्मात पहिल्यांदा मला माझा फोटो आवडलाय, तू कंबर काढू नकोस त्यातली.

… काय?

… दादाचं काय?

… हं.

… हो. पाहिलं मी.

… नाही गं, रागावलेला बिगावलेला नव्हता.

… बेबी, ऐक… अगं ऐक ना. या लग्नाला त्याचा काडीचा विरोध नव्हता. जावयाचं कौतुक तर इतकं चालतं की माझं डोकं उठतं. 'मुलगा मितभाषी आहे, मुलगा वेळेवर येतो.' मी म्हटलं, मुलगा आहे की एस.टी. आहे… नाही, हसू नकोस, तू आधी ऐक.

… मोजलेस? एकेक करून? कमाल आहे तुझी.

… हो. माहितेय मला. एकाही फोटोत तो लेकीकडे बघत नाहीये. ती सही करतेय, हा खिडकीकडे बघतोय. ती अंगठी घालतेय, हा पडद्याकडे. ती गळ्यात पडलीय आणि हा तिच्या डोक्यावरून दाराकडे, कोणी यायचं राहिलंय तसा.

… तुझाच मेसेज ना तो ग्रुपवर? 'दादाचं लक्ष कुठे होतं?' आणि पुढे चार हसरे चेहरे… मग काय, सगळ्यांनी री ओढली. कोण म्हणे जेवणाकडे, कोण म्हणे घड्याळाकडे. 'सासरेबुवांना घरी जायची घाई' असंही कोणीतरी टाकलं.

… नाही, तुझ्यावर नाही रागावले. गमतीनं लिहिलंस तू. पण ते आपल्या लेकीनं वाचलं ना.

… ती कुठे बोलतेय? बापावर गेलीय, तोंडातून शब्द काढायचा नाही. मला कळलं ते बदामांवरून.

… अगं, प्रत्येक फोटोखाली बदाम असतो ना छोटासा, दाबला की लाल होतो… हो, तोच. तो नुसता आवडल्याचा नाही. बदाम दिलेले फोटो घेऊन ती फोटोवाली अल्बम करते. तिनं बजावलं होतं, बदाम फक्त नवऱ्यानं आणि नवरीनं द्यायचे. तर आपल्या हुशार पोरीनं ती लिंक जशीच्या तशी ग्रुपवर टाकली. झालं. लोकांनी मुठीमुठीनं बदाम वाटले. माझ्या भावानं तर स्वतःचे जेवतानाचे फोटो सोडून दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही… तू किती दिलेस? खरं सांग… तरी बरं, तू लग्नाला नव्हतीस.

… मग काय करणार? फोटोवालीनं सगळे पुसले. अजिबात चिडली नाही हं. हसली आणि लेकीला म्हणाली, आता तू शांतपणे बसून दे, कोणाला दाखवू नकोस. पण मी माझ्या फोनवर बघत होते गं. एकेक लाल होत होता. माझे झाले, तिच्या सासूसासऱ्यांचे झाले, मैत्रिणींचे झाले. तो हॉलचा वॉचमन नाही का, कोणा पोराचे फुगे सांभाळत उभा होता, त्यालाही मिळाला… आणि बापाला एक नाही. सगळेच्या सगळे पांढरे.

… हो.

… हो ना. बाप नसलेला अल्बम निघणार होता.

… थांब, दार लोटून घेते.

… बेबी, दादाला दिसत नाही गं नीट.

… नाही, चष्म्यानं नाही होत. दोन्ही डोळ्यांचे ते मागचे पडदे असतात ना, ते मधोमध खराब होत चाललेत. म्हणजे बघ, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं की तोंडाच्याच जागी धुरकट डाग. कान दिसतो, खांदा दिसतो, मागची भिंत दिसते. तोंड नाही. तोंड बघायचं असेल तर नजर जरा बाजूला न्यावी लागते. मग तोंड कडेला येतं आणि थोडंफार दिसतं.

… हो. बघायचं असलं की तो बाजूला बघतो.

… बेबी.

… अगं रडू नकोस. ऐक. डॉक्टर म्हणाले, अगदी काळोख नाही व्हायचा. कडेचं राहतं… गेल्या वर्षापासून… कोणालाच नाही सांगितलं. मला तंबी होती. लेकीला कळलं असतं तर तिनं ती परगावची नोकरी सोडली असती, लग्न लांबवलं असतं. म्हणाला, ती दोघं तिकडे रुळू देत, मग सांगू… म्हणून तर तुझ्या मेसेजला नुसता अंगठा येतो. मी वाचून दाखवते त्याला. तुझे सगळे वाचते.

… हो, तोही वाचला. 'लक्ष कुठे होतं' तो. मी गाळणार होते, पण वाचता वाचता थांबले ते त्याला कळलं… नाही गं, हसला. म्हणाला, बेबीचं मात्र लक्ष असतं माझ्याकडे.

… पूस आता नाक.

… फोटोवालीला? छे, तिलाही नव्हतं सांगितलं. आधी तिला वाटलं होतं, काका कॅमेऱ्याला लाजतात. मग लग्नाच्या दिवशी, गर्दी व्हायच्या आत, माझ्या कानाशी येऊन हळूच विचारते, 'काकू, काकांना कुठल्या बाजूचं बरं दिसतं?' माझ्या पायाखालची जमीनच सरकली. घरच्यांना वर्षभर कळलं नाही… मी म्हटलं, उजवीकडचं. 'बरं,' म्हणाली आणि गेली. पुढे एक अक्षर विचारलं नाही, कोणाजवळ बोलली नाही. माणसांच्या नजरा टिपायचंच तिचं काम, तिला दिसणार नाही तर कोणाला.

… केला ना. बदाम बघितल्यावर मीच फोन केला तिला. म्हटलं, तूच आपले चार-पाच घाल काकांचे, कोणाला कळतंय. तर म्हणाली, 'काकू, अल्बम तिचा आहे. तिला नको ते मी नाही घालणार.' मला रागच आला क्षणभर. मग म्हणते, 'पण शेवटची दोन पानं कोरी ठेवून बांधते. फोटो सुटे घेऊन येते. तिला वाटलं तर तिनं चिकटवावेत.'

… हो ना, मीही तेच म्हटलं. कोणाच्या पोटी जन्मली कोण जाणे, पण त्या माउलीला नमस्कार.

… दादाला बदामांचं सांगितलं मी. सांगावंच लागलं. जेवत होता. मग ताट बाजूला सारून म्हणाला, बोलव पोरीला, मीच सांगतो… कसलं सांगतोय. मघापासून बाहेर बसलाय आणि कागद किती जाड, पुठ्ठा कुठला, शिवण दोऱ्याची का डिंकाची, हेच चाललंय. पानांवरून हात फिरवतोय नुसता. आणि लेक 'हो बाबा, नाही बाबा' करतेय. पाहुण्यांशी बोलावं तसं. म्हणून मी कप घेऊन आत पळाले. माझ्याच्यानं बघवेना.

… नको, ग्रुपवर आता काही लिहू नकोस. आधीचं पुसूही नकोस. त्याचं तो सांगेल.

… थांब. थांब हं जरा.

… बाहेरचे आवाज बंद झालेत.

… दार किलकिलं करते. जेवणाचं टेबल दाराशीच आहे, दिसेल मला… फोटोवालीनं पाकीट काढलंय. फोटो मांडतेय. ओळीनं मांडतेय, पत्ते मांडावेत तसे… तेच गं, तू मोजलेस तेच. पण चांगले मोठे करून आणलेत. अख्खा हॉल दिसतोय प्रत्येकात. आपण मोबाइलवर बोटानं मोठं करून नुसतं दादाचं तोंड बघत होतो ना. ह्यात लेक कुठे उभी आहे तेही दिसतंय.

… अगं बेबी.

… थांब, सांगते… कसं सांगू. लेक दाराशी आहे, तर ह्याची मान दाराकडे. ती खिडकीखाली गेली, मान खिडकीकडे. ती मैत्रिणींच्या घोळक्यात घुसलीय, हा तिकडे वळलाय, खुर्चीत सगळा वळलाय. आणि दर वेळी नजर तिच्या बाजूला, वीतभर. एकेक फोटो बघितला तर वाटतं, हा भलतीकडेच बघतोय. ओळीनं बघितले तर कळतं, त्यानं दिवसभर दुसरीकडे बघितलंच नाही.

… लेक बघतेय ना. एका फोटोवरून दुसऱ्यावर बोट नेतेय. आता परत मागे आली… जावईबापू काहीतरी विचारायला गेले, फोटोवालीनं मानेनंच थांबवलं.

… दादा बोलतोय.

… ऐकू येत नाही गं, फार हळू बोलतोय… डोळ्याशी बोट नेलं. सांगतोय, बेबी. सांगतोय तो.

… मी नाही रडत. तू रडतेयस, ते मला ऐकू येतंय, एवढंच.

… लेक उठली. समोर बसली होती ना त्याच्या, उठली… नाही, जात नाहीये, खुर्ची उचललीय. त्याच्या उजव्या अंगाला नेतेय. बसली… विचारतेय, 'बाबा, इथे दिसते मी?' तो मान हलवतोय. नाही. तिनं खुर्ची जरा पुढे घेतली. 'इथे?'… अजून नाही. अगं, थोडी आणखी पुढे घे की पोरी…

… 'आता,' म्हणाला.

… हो. भिंतीकडे बघतोय. सरळ समोर, रिकाम्या भिंतीकडे बघतोय, आणि तिला म्हणतोय, 'केस कापलेस तू.'

… बेबी, आहेस ना?

… नाही, कोणी फोटो काढत नाहीये. फोटोवालीचा कॅमेरा पिशवीतच आहे. ती आपली खाली मान घालून अल्बमची शेवटची पानं उघडून बसलीय.

… काय गं?… तुला नाही, लेकीला म्हटलं. हाक मारतेय मला… काय हवंय? कपाटात बघ, वरच्या खणात… नाही, थांब, तुला नाही सापडायचा. आले, मीच आले.

बेबी, ठेवते गं. तिला डिंक हवाय.