साडीला डोकं कांद्याचं

आता मला सांगा, कापडाच्या दुकानाच्या भिंतीवर कांदा काढायचा असतो का? न्हाई, तुम्हीच सांगा! पण धम्मदीपला कोण सांगणार? पुण्याहून चित्रकला शिकून आलेला गडी, आन् शिरूरच्या हौसराव आप्पांनी लग्नसराईसाठी दुकानाची अख्खी भिंत त्याच्या ताब्यात दिलेली! आप्पांना वाटलं, गोरीपान बाई काढंल, हिरव्या साडीतली, हात जोडलेली. ह्यानं काय काढावं? घोडनदीच्या पुलावरून हिरवी साडी चाललीय... एकटी! आत बाईच न्हाई! पदराची झालीय नदी, नदीत मासे, आन् डोक्याच्या जागी हा एवढा लालभडक कांदा!

"आरं, बाई कुठं हाय?" आप्पा वरडले.

"आप्पा, बाई साडी नेसत न्हाई, साडी बाईला नेसती!" हा शिडीवरूनच. "सपनात कसं, कशालाबी कायबी चिकटतं? तसं हाय हे. माणूस बघून थांबलं पाहिजे!"

"बाजारच्या दिवसापर्यंत वाट बघतो. साडी खपली न्हाई, तर चुना फासीन!"

सहा दिवसांची मेहनत हो! भिंतीच्या कोपऱ्यात आयुष्यातली पहिली सही! बाजारच्या सकाळी गडी भिंतीसमोर उभा, आन् तुम्हाला सांगतो, माणसं थांबली की! कांद्याची ट्रॉली घेऊन मार्केट यार्डाकडं निघालेला ट्रॅक्टर थांबला! मागं दुसरा थांबला! पिकअप थांबली! साडी बाईला नेसती, साडी बाईला नेसती... धम्मदीप नाचायचाच बाकी! तवर पहिल्या ट्रॅक्टरवरनं सर्जेराव उतरले, ते थेट गल्ल्याशी. "आप्पा, कांदा काय भावानं घेताय?"

घ्या! आपल्याकडं भिंतीवर जे काढलंय तेच आत मिळतं, सपनाबिपनाचा काय संबंध? आप्पांनी चुन्याची बादलीच उचलली. पण बाप्ये हुज्जत घालत बसले, तवर ट्रॉलीतल्या बाया उतरल्या ना! सर्जेरावांच्या सोजराबाई कमरेवर हात ठेवून भिंतीपुढं उभ्या.

"बाई न्हाई तेच ब्येस. त्या गोऱ्या बायांवानी आपुन कवा दिसतो का? ह्या साडीत मला मीच दिसती. काढा हो तसली!"

दुपारपर्यंत हिरव्या साड्या साफ! बादली आत गेली. बाई साडी नेसत न्हाई, साडी बाईला नेसती... धम्मदीप भिंतीला मिठी मारून वरडत होता! तेवढ्यात पलीकडच्या बियाण्याच्या दुकानाचे मालक आले.

"कांदा लई जिवंत काढलाय बरं का. आमच्या भिंतीवर बी काढा. फक्त खालचं ते कापडबिपड नको."

धम्मदीपनं कपाळाला हात लावला. "बरं. पण मी कांद्याला डोळे काढणार!"

"काढा की! फक्त रडके काढू नका. लोक म्हणतील, भाव पडला!"