चर्चा संपायच्या आत

देऊळगाव राजाच्या स्टँडवर जालन्याची गाडी अजून लागली नव्हती. समताच्या शेजारी बसलेले उकंडराव मोबाइलवर संसदेतली चर्चा ऐकत होते.

"हा खासदार सांगून राह्यला, मोठ्या शेतकऱ्यावर कर लावा."

"मंग?" त्यांच्या बायकोनं, सरस्वतीबाईंनी विचारलं.

"अर्धं वावर तुह्या नावावर करतो. मंग दोघंबी लहान शेतकरी."

"वीस वर्सं मांगून राह्यली मी. तवा काऊन नाही केलं?"

"तवा कराचं भेव नव्हतं."

"आता लागला का कर?"

"नाही. नुसती चर्चा हाय."

सरस्वतीबाई समताकडे वळल्या. "पोरी, अशी चर्चा किती दिवस चालते?"

"नक्की सांगता येत नाही, मावशी. कधी लगेच संपते."

सरस्वतीबाईंनी पिशवी उचलली. "उठा. जालन्याचं उद्या पाहू. आंधी तलाठ्याकडं चला."