फॅक्टरीचा झाला नाचाचा हॉल

माझं नाव मंदा, माहेर एकलहऱ्याकडचं. दारात उभं राह्यलं की विजेच्या कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या आन् आमच्या घरात कंदील, आता काय सांगू तुमाला. बाप मेथी-वांगी लावायचा, मी पाटी घिऊन नाशिकरोडला बाजारात बसायचे. लगीन झालं, सातपूरला आले, आन् सासूनं लगेच फॅक्टरीत लावून दिलं. विजेची बटणं बनायची तिथं. आमी बाया ओळीनं बसून बटणात स्प्रिंगा बसवायचो, शांता पलीकडं प्रेसवर पत्रा कापायची. शांता म्हंजे माझी जिवाची मैत्रीण, दोघींचा डबा एकच, नवऱ्यानं मारल्याले वळ सुदिक एकमेकीलाच दाखवायचो. त्या प्रेसमधी तिची दोन बोटं गेली. मालक म्हणला, तुझंच ध्यान नव्हतं. हात बरा नाय झाला तोच परत कामाला आली ती, करती काय.

मंग एक दिवस सकाळी गेलो तर गेटला कुलूप. लय वर्षं ती बिल्डिंग तशीच पडून, भिंतीतून पिंपळ उगवला. शांताच्या डोक्यात आलं, आपण बाया मिळून तिथं शिवणाच्या मशिनी टाकू, कुणाच्या दारात जायला नको. घरोघर फिरून बाया जमवल्या तिनं. मालकाच्या बंगल्यावर गेलो गंगापूर रोडला, त्यानं पायरीवरच उभं केलं. म्हणला, बिल्डिंग धोक्याची हाय, उद्या छत पडलं तर तुमच्या पोरांना मी काय तोंड दाखवू. आमाला खरं वाटलं हो. शांता रस्त्यानं म्हणली, माणूस बदलला गं.

मंग मालक गेला, आन् त्याच्या पोरानं ती जागा नाच बसवणाऱ्या लोकांना दिली. छत तेच, खांब तेच. खांबाचा गंज सुदिक तसाच ठिवला, वरून पॉलिश मारलं, म्हणे छान दिसतो. खाली लाकडाची गुळगुळीत जमीन. मी तिथं झाडू-पोछ्याला लागले. शांता म्हणली, तुला लाज नाय वाटत? म्हणलं वाटती, पण या वयात मला दुसरं कोण ठिवतंय.

नाच बसवणारी ती ईराताई, बाई गोड हाय, खोटं नाय बोलणार, मला चहा स्वतः आणून देती. ती म्हणली, मावशी, उद्घाटनाला तुमच्या मैत्रिणींना आणा, तुमच्याच फॅक्टरीतल्या कामावर नाच बसवलाय. मी शांताच्या हातापाया पडून तिला आणलं. पोरी नाचल्या, आमच्यावानी हात हलवत, चांगलं केलं त्यांनी. मंग मालकाचा पोरगा माइकवर आला, म्हणला, माझ्या वडलांनी ही वास्तू कलेसाठी जपली.

शांता उठली. सरळ मधी जाऊन उभी राह्यली, हात वर केला आन् म्हणली, जपली? आमाला धोक्याची म्हणून हाकललं, तवा छत पडत व्हतं, आता नाय पडत का? माझी बोटं इथं गेली, इथं, या लाकडाच्या खाली. आवाज कापत व्हता तिचा.

आन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. त्यांना वाटलं, हा नाचाचाच भाग हाय. शांता इकडं बघती, तिकडं बघती, टाळ्या थांबना. मालकाच्या पोरानं पण वाजवल्या. ईराताई रडत आली, तिला मिठी मारली, म्हणली, काकू, पुढच्या प्रयोगालाही असंच बोलाल का?

शांतानं तिची मिठी सोडवली. चपला हातात घिऊन अनवाणीच निघाली, मी मागं पळाले, तर म्हणली, मंदे, तू जा आत, तुझं काम हाय. आता भेटतो आमी, बोलतो, पण त्या जागेचं नाव काढलं की ती उठून आत जाती.

प्रयोग चालूच हायेत. शांताचं बोलणं आता एका पोरीला दिलंय. ती दोन बोटं दुमडून हात वर करती, अगदी तसंच बोलती, आवाज सुदिक कापतो तिचा. मी दाराशी बसून ऐकते. लोकं गेली की जमीन पुसून काढते. पोरी जाताना माझ्या पाया पडतात, त्यांच्यावर काय राग धरू? सुखी राहा म्हणते. दुसरं काय म्हणणार, सांगा.