मेसच्या भिंतीवरचे डाग

सदर भागातल्या कचेरीत परवान्याच्या रांगेत रोशनी उभी होती. तिच्यापुढे मेस चालवणाऱ्या एक मावशी आणि त्यांचा भाचा प्रशिक. मेसच्या तपासणीचा इंग्रजी शेरा आत्ताच त्याच्या हाती पडला होता.

“सांग ना गा, डर्टी लिहिलं का साहेबानं?”

“नाही वं मावशी.”

“मंग फिल्दी? तू म्हणे, ते त्याहून वाईट.”

“तेही नाही. अनहायजिनिक असतं तर परवाना अटकला असता. तेही नाही.”

“मंग लिहिलं काय?”

“अनटायडी. म्हणजे घाण नाही, नुसता पसारा.”

“पसारा तर राहीनच. साहेब आले तवा मी पन्नास डबे भरून राहिली होती.”

“अन् भिंत स्टेन्ड लिहिली.”

“भिंतीले काहून नाव ठेवलं? हळद हाय ते. रोज घासतो आपण, जात नाही.”

“म्हणूनच स्टेन्ड. घासून जाते ते डर्टी, घासूनही जात नाही ते स्टेन्ड. रंग मारा म्हणते, बस. परवाना मिळते.”

मावशींनी पदराने तोंड पुसलं.

“आठ दिवस घास गोड नाही लागला गा. माह्या आजीच्या हातच्या पाण्याले लोक तोंडावर घाण म्हणत. मले ते कागदावर नको होतं.”

प्रशिकने कागदाची नीट घडी घातली.

रोशनी मागून म्हणाली, “मावशी, उद्यापासून माहा एक डबा लावता का जी?”