ताप उतरला तेव्हा

मारुंजीकर मंडळी, पावण्यांनो, आयाबायांनो,

माईक हातात घेतलाय, समोर शकूवहिनींचा हार घातलेला फोटो आहे. मी खोल्या भाड्यानं देतो, त्यातच त्यांची खानावळ. आयटीतली पोरं पगार घ्यायची हिंजवडीत, पण जगायची वहिनींच्या भाकरीवर. मी काही कुरकुर घेऊन गेलो की म्हणायच्या, "भाऊ, आधी जेवा. रिकाम्या पोटी माणूस लई कडक बोलतो."

सकाळपासून ह्या मांडवात एकच ऐकतोय. "तेवढंच आयुष्य लिहिलं होतं." कुणी लिहिलं? पन्नाशी नव्हती गाठली बाईनं! मी हे मानत नाही. आज नाही, उद्याही नाही.

डेंग्यू होता. ताप उतरला आणि आपण सगळे खूश. वहिनी तवा चढवायला उठल्या. "ताप गेला की, आता काय व्हतंय मला?" पोट दुखत होतं, उलट्या होत होत्या, हात गार पडले होते. आपण काय म्हणालो? अशक्तपणा! पपईच्या पानांचा रस पाजला. प्लेटलेट किती, प्लेटलेट किती, एवढंच विचारत बसलो.

वहिनी गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं, पेशींचा एकच थर. नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही इतका पातळ. डेंग्यूत तो पाझरायला लागतो, आणि तोही ताप उतरताना. रक्तातलं पाणी पोटात जातं, छातीत जातं. बाहेर थेंब दिसत नाही. म्हणजे आपण सुटकेचा निःश्वास टाकला, तेव्हा वहिनींची खरी झुंज सुरू झाली होती. वेळेत दवाखाना, वेळेत सलाईन मिळालं असतं, तर आज त्या आपल्यात असत्या. लिहिलं होतं म्हणू नका. उशीर झाला म्हणा.

थांबा. सुमन, मागं काय कुजबुजलीस? मोठ्यानं बोल. जाऊबाईचा ताप सकाळी उतरला? आणि पोट दुखतंय? उलटी थांबत नाही? मग तू इथं काय करतेस, पोरी!

"श्रद्धांजली व्हायच्या आत दुखवट्यातनं कशी उठू," म्हणते. ऊठ! वहिनींना राग यायचा नाही. दिनेश, गाडी काढ. सुमनला बसव, घरनं तिच्या जाऊबाईला घे आणि थेट मोठ्या दवाखान्यात. तिथं पहिलं हेच सांगायचं, ताप उतरल्यावर दुखायला लागलंय.

लोक म्हणतील, शोकसभा मोडली. मोडली तर मोडली!

बाकीच्यांनी उभं राहा. गाडीला वाट द्या. ती फाट्यापलीकडं जाईस्तोवर कुणी एक शब्द बोलू नका, हीच वहिनींना श्रद्धांजली.

शकूवहिनी, सुमनच्या जाऊबाईला आम्ही जाऊ देणार नाही.